रिव्हरसाइड: नदीच्या वळणावर आखलेलं उपनगर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल-अरोरा पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आईबाबा येतात. पहिल्या आठवड्यात डाउनटाउन, दुसऱ्यात अरोराचं बालाजी मंदिर, आणि तिसऱ्या आठवड्यात "आता कुठे?" माझं उत्तर ठरलेलं असतं: रिव्हरसाइड. तिकीट नाही, रांग नाही, सावली भरपूर आणि बसायला बाक. आजवर बऱ्याच पाहुण्यांना फिरवून आणलं. प्रश्न मात्र सगळ्यांचे थोड्याफार फरकाने तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते आहे.

रिव्हरसाइड म्हणजे नेमकं काय?

इलिनॉय राज्यातलं नऊ हजारांच्या आसपास वस्तीचं एक गाव. शिकागोच्या मध्यापासून पश्चिमेला साधारण नऊ-दहा मैलांवर, म्हणजे पंधराएक किलोमीटरवर, डेस प्लेन्स नावाच्या नदीच्या वळणात वसलेलं. 1868-69 मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीने ते आखलं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारी हीच जोडी. (वॉक्सचं आडनाव वाचताना सगळे अडखळतात. काळजी नको, अमेरिकन माणसंही अडखळतात.) आधी घरं आणि मग रस्ते, असं इथे झालं नाही. नदी, झाडी आणि जमिनीचा उतार पाहून आधी मोकळी जागा आणि रस्ते ठरले, उरलेल्या जागेचे प्लॉट पडले. 1970 मध्ये या आराखड्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.

पण इथे बघायचं काय? मला तर नुसती झाडं आणि बंगले दिसतात.

हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येतोच, आणि माझ्या सासऱ्यांनी तो सगळ्यात स्पष्ट शब्दांत विचारला होता: "एवढी गाडी चालवून कॉलनी बघायला आलो का?"

मी एक युक्ती करते. सांगते की पाच मिनिटं चाला आणि तीन गोष्टी शोधा: कंपाउंड वॉल, सरळ रस्ता आणि काटकोनात मिळणारा चौक. कंपाउंड वॉल जवळजवळ दिसत नाही. सरळ रस्ता रेल्वेलाइनच्या कडेला सापडतो, आत शिरलात की नाही. चौकांच्या जागी तिठे आहेत, आणि तिठ्याच्या मध्ये सुटलेल्या तिकोनी तुकड्यावर गवत आणि चार-दोन जुनी झाडं. असे तिकोन गावभर विखुरलेत. कोणी त्यात टपरी टाकलेली नाही, पुतळा बसवलेला नाही, पार्किंग केलेलं नाही. दीडशे वर्षं ते नुसते रिकामे आहेत. पुण्यात रस्तारुंदीच्या नोटिसा घेतलेल्या सासऱ्यांना हे पटकन कळलं. परतताना ते स्वतःच तिकोन मोजत होते.

हे कोणाच्या डोक्यातून आलं? समाजसेवा होती का?

छे, धंदा होता. 1864 मध्ये शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेची नवी लाइन या बाजूने गेली आणि नदीकाठच्या शेतजमिनीला एकदम भाव आला. एमरी चाइल्ड्स नावाच्या माणसाच्या पुढाकाराने रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी उभी राहिली आणि तिने साधारण 1,600 एकर जमीन घेतली. त्यातला मोठा भाग डेव्हिड गेज यांच्या रिव्हरसाइड फार्मचा. कंपनीने आराखड्यासाठी देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या मंडळींना बोलावलं. आज बिल्डर परदेशी आर्किटेक्टचं नाव होर्डिंगवर टाकतो, त्याचाच हा जुना अवतार म्हणा.

ओल्मस्टेडने 1 सप्टेंबर 1868 या तारखेचा एक प्राथमिक अहवाल कंपनीला दिला. धंद्याच्या कामासाठी लिहिलेला तो अहवाल आज नगररचनेच्या अभ्यासात वाचला जातो. उपनगरात राहणं म्हणजे शहराच्या सुखसोयी सोडून रानात जाणं, ही समजूत ओल्मस्टेडला मान्य नव्हती. चांगला रस्ता, गटार, पाणी, गॅस आणि शेजार हे शहरातलं सगळं हवं, आणि जोडीला झाडं, उघडं आकाश व एकांतही हवा, अशी त्याची मांडणी होती.

शिकागो सोडून जाण्याइतकं शहर वाईट होतं का?

शिकागोचं बोधवाक्य 'बागेतलं शहर' असं आहे. 1860 च्या दशकात ते वाक्य वाचून लोक हसत असणार. 1850 मध्ये तिथे तीस हजार माणसं होती, 1870 मध्ये जवळजवळ तीन लाख. जमीन मिशिगन तळ्याच्या पातळीला लागून, सपाट आणि दलदलीची, त्यामुळे सांडपाणी वाहून जायला उतारच नाही. शेवटी 1850-60 च्या दशकांत गटारं टाकण्यासाठी रस्त्यांची पातळी कित्येक फूट उचलली, आणि मग उभ्या इमारतींखाली शेकडो स्क्रू-जॅक लावून त्याही वर उचलल्या. आतली हॉटेलं चालू असताना! 1830 मध्ये पडलेला चौकटींचा आराखडा तसाच पुढे पुढे ओढला जात होता. नदी आली, ओढा आला, टेकाड आलं, तरी रेघ सरळच.

आणि शहराबाहेरची प्रेअरी (सपाट गवताळ माळरान) सुद्धा काही स्वर्ग नव्हती. ओल्मस्टेडने त्या भागाचं वर्णन सखल, सपाट, चिखलाळ आणि उदास असंच केलंय. म्हणून त्याला नदीकाठची ही जागा मोलाची वाटली. इथे जमीन जराशी वर होती, पाणी वाहतं होतं, आणि ओक, एल्म, हिकरी, अक्रोड यांची मूळची राई उभी होती.

रस्ते नदीमुळे वाकडे झाले का?

अर्धवट बरोबर. नदीलगतचे रस्ते नदीच्या वळणाने जातात, ते उघड आहे. पण नदीपासून दूर, लाँग कॉमन नावाच्या लांबट हिरवळीच्या पलीकडे गेलात तर जमीन जवळजवळ ताटासारखी सपाट आहे. तिथे सरळ रेघ मारायला कोणतीच अडचण नव्हती, तरी रस्ता वळतो. म्हणजे हे वळण जाणूनबुजून घातलंय.

ओल्मस्टेडचा तर्क असा: सरळ रस्ता माणसाला सांगतो, चल, पुढे हो, काम आहे. घरी परतणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. हलकं वळण, ऐसपैस जागा आणि टोकदार कोपऱ्यांचा अभाव यांतून सवड आणि निवांतपणा सुचवायचा, असं तो लिहितो. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती फिरताना आपोआप कळते. वळणामुळे एका वेळी चार-पाचच घरं नजरेत येतात. गाव केवढं आहे ते कधीच पूर्ण दिसत नाही, म्हणून ते आहे त्यापेक्षा मोठं आणि खोल वाटतं. घाटातल्या रस्त्यावर असंच होतं, फक्त इथे घाट नाही.

ही वळणं आली कुठून, हे सांगितलं की पाहुणे चकित होतात: स्मशानातून. बॉस्टनजवळचं माउंट ऑबर्न हे 1831 चं दफनस्थान टेकड्या, तळी आणि वळणदार वाटांनी सजवलेलं होतं. सार्वजनिक बागा फारशा नसलेल्या त्या काळात लोक सुटीच्या दिवशी सहकुटुंब तिथे हवा खायला जात. तशी दफनस्थानं मग शहराशहरांत झाली, त्यांच्यावरून बागांची मागणी वाढली, आणि बागेतली वाट पुढे राहत्या गल्लीत आली.

पण चुकायला होतं ना?

होतंच. जीपीएस असूनही होतं. इथल्या पिझ्झावाल्या पोरांनाही होत असणार. मी नकाशा न बघता आजवर एकदाही स्टेशनशेजारच्या पाण्याच्या टाकीपासून निघून पहिल्या फटक्यात नदीवर पोचलेले नाही. एकच खूण सांगते: आगगाडीचा भोंगा कुठून येतोय ते ऐका आणि तिकडे चाला.

किती जागा मोकळी सोडली?

रस्ते, त्यांच्या कडेच्या हिरव्या पट्ट्या, बागा आणि नदीकाठ मिळून 1,600 पैकी साधारण 700 एकर. शेकडा 44 च्या आसपास. महाराष्ट्रात ले-आउट मंजूर करताना शेकडा 10 ओपन स्पेस सोडताना बिल्डरचं तोंड कसं होतं, ते पाहिलेल्यांना हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. (तुलना काटेकोर नाही, कारण 44 मध्ये रस्तेही धरलेत. तरीसुद्धा.)

आकड्यापेक्षा जागेची निवड मला जास्त महत्त्वाची वाटते. सगळ्यात महाग विकला गेला असता तो नदीकाठ. 'रिव्हर व्ह्यू' म्हणत प्रत्येक प्लॉट पाण्यापर्यंत नेता आला असता. ओल्मस्टेड-वॉक्सनी काठाचा मोठा भाग सार्वजनिक ठेवला आणि घरांना रस्त्याच्या अलीकडे बसवलं. त्यामुळे आजही कोणाच्या परसातून न जाता तुम्ही पाण्यापाशी पोचता. मोकळी जागा अशी की कोपऱ्यात उरलेला, कोणाला नको असलेला तुकडा बाग म्हणून दाखवून मोकळं व्हायचं, हे इथे घडलं नाही.

म्हणजे निसर्ग आहे तसा ठेवला?

नाही, आणि हा गैरसमज इथल्या लोकांचाही असतो. रिव्हरसाइडचा निसर्ग हे बरंचसं इंजिनिअरिंग आहे.

ओल्मस्टेडच्या अहवालाचा मोठा भाग फुलापानांबद्दल नाहीच, रस्ता आणि पाण्याचा निचरा यांबद्दल आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: वर्षातले कित्येक महिने चाक चिखलात रुतत असेल तर झाडी कितीही सुंदर असली तरी तिथे कोणी राहणार नाही. म्हणून आधी खडीचे पक्के रस्ते, त्यांच्या कडेने पाणी वाहून नेण्याची सोय, जमिनीखाली निचऱ्याच्या आणि मैलापाण्याच्या नळ्या, मग पाणी आणि गॅस. रस्ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित खाली बसवले. त्याचे दोन फायदे. प्लॉटमधलं पाणी रस्त्याकडे वाहतं, आणि दुरून बघताना रस्ता दिसतच नाही, एका बागेची हिरवळ समोरच्या हिरवळीला जाऊन मिळाल्यासारखी वाटते. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून, डोळे हिरवळीच्या पातळीला आणून बघा. पाहुण्यांना मी हे करायला लावते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांना सूट.

झाडांचंही तसंच. मूळची राई नदीकाठी होती. बाकी उघड्या प्रेअरीवर कंपनीने हजारोंनी झाडं-झुडपं आणून लावली. तीही रांगेने नाही, विस्कळीत घोळक्यांनी, जणू आपोआप उगवलीत अशी. आज तुम्ही ज्याला 'जुनं रान' म्हणता त्यातलं बरंच काही कोणाच्या तरी मजुरीच्या हजेरीपटावर आलेलं आहे. पुढे विसाव्या शतकात डच एल्म रोगाने अमेरिकेतले एल्म संपवत आणले, आणि 2006 मध्ये इलिनॉयमध्ये सापडलेल्या एका हिरव्या किड्याने अ‍ॅशची झाडं पोखरली. म्हणजे सावली टिकवायला पुन्हा पुन्हा लावणी करावी लागते.

घरं कशी बांधायची याचे नियम होते का?

होते, पण घराच्या रूपावर जवळजवळ नव्हते. ओल्मस्टेडची यावरची भूमिका मला फार आवडते. लोक कसं घर बांधतील ते आपण ठरवू शकत नाही, असं तो कबूल करतो. आपल्या हातात एवढंच आहे की कोणी कुरूप घर बांधलंच, तर ते रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांत खुपू नये. त्यासाठी दोन अटी: घर रस्त्यापासून ठराविक अंतर मागे हवं, आणि घर व रस्ता यांच्यामध्ये एक-दोन जिवंत झाडं राखायलाच हवीत. कंपनीने ही फ्रंट मार्जिन 30 फुटांची ठेवली. प्लॉट साधारण 100 बाय 200 फुटांचे, आपल्या हिशेबाने 18 गुंठ्यांच्या थोडं वर.

कुंपणांवर त्याचा राग होता. उंच भिंतींनी वेढलेली इंग्लंडमधली उपनगरं त्याला खासगी वेड्यांच्या इस्पितळांच्या रांगेसारखी वाटत. त्याची थट्टा अहवालातसुद्धा आहे. भिंत नसल्यामुळे खासगी अंगण आणि सार्वजनिक पट्टी यांच्यात रेघ कुठे आहे ते कळत नाही, आणि चालणाऱ्याला सगळंच आपलं वाटतं. इथे एका मावशींनी विचारलं होतं, "मग गाई-गुरं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या काळच्या अमेरिकन गावांत मोकाट गुरं हेच कुंपणाचं मुख्य कारण होतं. कुंपण नको म्हणणाऱ्या वस्तीला आधी गुरं आवरावी लागत.

अशा प्रकारचं हे पहिलंच उपनगर का?

नाही. फलकावर काही लिहिलेलं असो. ओहायोत सिनसिनाटीजवळचं ग्लेनडेल 1851 मध्ये वळणदार रस्त्यांनी आखलं गेलं. शिकागोच्याच उत्तरेला लेक फॉरेस्ट 1857 मध्ये तळ्यालगतच्या घळींच्या कडांनी आखलं, आणि ते आखणारा अल्मेरिन हॉचकिस हा दफनस्थानांची आखणी करणारा. बघा, स्मशान पुन्हा आलंच.

सगळ्यात रंजक आहे न्यूजर्सीचं ल्यूएलिन पार्क. औषधांचा व्यापारी ल्यूएलिन हॅस्केल याने 1853 पासून डोंगरउतारावर जमीन गोळा केली आणि अलेक्झांडर जॅक्सन डेव्हिस या वास्तुरचनाकाराच्या मदतीने तिथे वस्ती वसवली. मध्यभागी ओढा आणि घळ असलेली 50 एकरांची 'रॅम्बल' नावाची सामाईक झाडी, भोवती बंगले. पुढे एडिसनने 1886 मध्ये इथलाच एक बंगला विकत घेतला. पण ल्यूएलिन पार्कला फाटक आहे, दारात चौकीदाराचं घर आहे, आणि आतली झाडी फक्त रहिवाशांची. रिव्हरसाइडला फाटक नाही. तुमच्या-माझ्यासारखी कोणीही ट्रेनमधून उतरून नदीकाठी डबा उघडू शकते. म्हणून पहिलेपणाचा मान नसला तरी मी पाहुण्यांना इथे आणते.

ओल्मस्टेडने काम पूर्ण केलं का?

नाही, भांडण झालं. कंपनीने मोबदला रोख द्यायच्या ऐवजी मुख्यतः प्लॉटच्या रूपात देऊ केला होता (ही पद्धतही आपल्या ओळखीची आहे). शिवाय चाइल्ड्सला स्वतःचं घर लाँग कॉमनमध्येच, म्हणजे सार्वजनिक हिरवळीवर बांधायचं होतं. ज्याने आराखडा छापून विकला तोच तो मोडायला निघाला. 1870 मध्ये ओल्मस्टेड-वॉक्स बाजूला झाले आणि काम विल्यम ले बॅरन जेनीकडे गेलं. हा जेनी पुढे गगनचुंबी इमारतींचा जनक म्हणून नावाजला. त्याची 1885 ची होम इन्शुरन्स बिल्डिंग अनेक जण जगातली पहिली गगनचुंबी इमारत मानतात. तो स्वतः रिव्हरसाइडमध्ये राहायचा.

शिकागोपासून रिव्हरसाइडपर्यंत बग्ग्या, घोडेस्वार आणि पायी चालणारे यांना वेगवेगळ्या पट्ट्या असलेला झाडीचा रुंद रस्ता हा आराखड्याचा मोठा भाग होता. तो कधीच पूर्ण झाला नाही.

आणि कंपनीचं काय झालं?

बुडाली. ऑक्टोबर 1871 मध्ये शिकागोची मोठी आग लागली आणि सगळा पैसा शहर पुन्हा उभारण्याकडे वळला. 1873 मध्ये देशभर आर्थिक अरिष्ट आलं. त्याच वर्षी शिकागोच्या तिजोरीत मोठी तूट उघड झाली, आणि त्या वेळी शहराचे खजिनदार होते डेव्हिड गेज, तेच मूळ शेताचे मालक. कंपनीने 1874 मध्ये दिवाळं काढलं. 1875 मध्ये रहिवाशांनी स्वतःची ग्रामपंचायत म्हणता येईल अशी नगरसंस्था स्थापन केली.

मग आराखडा वाचला कसा? मला वाटतं, कामाच्या क्रमामुळे. कंपनी बुडाली तेव्हा बंगले थोडेच होते, पण गावाच्या गाभ्यातले रस्ते, गटारं, पाण्याच्या नळ्या आणि बागा जमिनीत उतरलेल्या होत्या. नंतर जो आला त्याला त्या वळणावरच घर बांधावं लागलं. कागदावरचा नकाशा कोणीही बदलतो. जमिनीखालचा नळ उकरून बदलायला कोणाकडे पैसे नसतात. जिथे काम पोचलं नव्हतं तिथली, विशेषतः मूळ 1,600 एकरांच्या कडेची, जमीन पुढे दुसऱ्या गावांत गेली. त्या गावांत शिरलात की रस्ते लगेच सरळ होतात.

त्याआधी इथे कोण राहत होतं?

पोटावाटोमी लोक. 1833 च्या शिकागो तहाने त्यांची जमीन गेली. 1835 मध्ये पश्चिमेकडे हाकललं जाण्यापूर्वी त्यांच्यातले बरेच जण याच नदीकाठी तळ ठोकून होते. आज तिथल्या बागेला 'इंडियन गार्डन्स' असं नाव आहे. एखाद्या पाहुण्याला ते आपल्याबद्दल आहे असं वाटून आनंद होतो, तेव्हा खरं सांगावं लागतं.

नदीला पूर येतो का?

येतो, आणि वाढलाय. एप्रिल 2013 मध्ये इथे विक्रमी पूर आला, सखल भागातल्या घरांत पाणी शिरलं. पण नकाशा पुढ्यात घेऊन पाणी कुठे कुठे पसरतं ते पाहिलं तर लक्षात येतं की बराचसा पूर काठच्या बागांमध्ये येतो आणि दोन-चार दिवसांत ओसरतो. स्वान पाँड नावाची सखल बाग त्यात हमखास बुडते, बाकांवर गाळ चढतो, पुढच्या महिन्यात पोरं पुन्हा खेळतात. ओल्मस्टेडने निळी पूररेषा, लाल पूररेषा असे शब्द ऐकले नव्हते. त्याने काठ मोकळा ठेवला तो मुख्यतः देखाव्यासाठी आणि फिरण्यासाठी. पुराची सोय त्यात आपसूक झाली. कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांशी या बागेत फार वेळ बोलणं होतं.

बंधाऱ्याची गोष्टही ऐका. ओल्मस्टेडला नदीवरचा गिरणीचा बंधारा उंच करून हवा होता, म्हणजे उन्हाळ्यात नौकाविहार आणि थंडीत बर्फावर घसरणं. नंतर विसाव्या शतकात त्या ठिकाणी होफमन बंधारा होता. तो 2012 मध्ये काढून टाकला, कारण माशांची वाट अडत होती आणि बंधाऱ्याखालचं पाणी माणसांच्या जिवावर उठत होतं. आता तिथे नदी खळाळते. आराखड्याविरुद्ध जाऊन नदी अधिक नैसर्गिक झाली, हे त्या माणसाला कसं वाटलं असतं कोण जाणे.

रस्त्यांना ही अवघड नावं कसली?

माझा आवडता प्रश्न. रेप्टन, डाउनिंग, लाउडन, शेनस्टन, केंट, युव्हेडेल: ही सगळी बागरचनाकारांची किंवा बागांवर लिहिणाऱ्यांची नावं. नटॉल, मिशो, बार्ट्रम हे वनस्पतिशास्त्रज्ञ. ऑड्युबॉन पक्ष्यांची चित्रं काढणारा. म्हणजे गावाचा नकाशा हीच एक ग्रंथालयाची सूची आहे. आणि ओल्मस्टेडच्या नावाचाही एक रस्ता आहे. अर्थातच वळणदार.

हे फक्त श्रीमंतांसाठी होतं ना?

हो. ठराविक रकमेपेक्षा कमी खर्चाचं घर बांधायला परवानगीच नव्हती, आणि रोज शहरात रेल्वेने जा-ये करणं तेव्हा कारकुनाच्या आवाक्यातलं नव्हतं. या मांडणीतला हा दोष पुढे विषारी झाला. ओल्मस्टेडच्या मुलांचा हात लागलेल्या बाल्टिमोरच्या रोलंड पार्कची कंपनी, कॅन्सस सिटीतले मोठे ले-आउट, अशा ठिकाणी विसाव्या शतकात खरेदीखतातच अट घातली गेली की घर कृष्णवर्णीयांना विकायचं नाही. झाड राखा आणि तीस फूट मागे बांधा हे सांगणाऱ्या कायदेशीर हत्याराचाच हा उपयोग. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वांशिक अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. बागेच्या सौंदर्याबद्दल बोलताना हे मी मुलांनाही सांगते.

इंग्लंडची गार्डन सिटी यातूनच निघाली का?

थेट नाही, पण धागा आहे. गार्डन सिटीची कल्पना मांडणारा एबेनेझर हॉवर्ड 1870 च्या दशकात काही वर्षं शिकागोतच लघुलेखक म्हणून नोकरी करत होता. त्याचं पुस्तक 1898 मध्ये आलं, आणि 1903 पासून पार्कर व अनविन या वास्तुरचनाकारांनी लेचवर्थ ही पहिली गार्डन सिटी आखली. हॉवर्डला स्वतःच्या कारखान्यांसह पूर्ण शहर हवं होतं; रिव्हरसाइड रात्री झोपायला परतणाऱ्यांचं गाव आहे. 1907 पासून उभं राहिलेलं हॅम्पस्टेड गार्डन सबर्ब रिव्हरसाइडला अधिक जवळचं वाटतं. तिथे हेन्रिएटा बार्नेट यांनी आधी 80 एकर माळ लोकांसाठी वाचवला आणि मग त्याच्या कडेने वस्ती केली. एकरी सरासरी आठच घरं, भिंतींऐवजी झुडपांची कुंपणं.

आपल्याकडे मुंबईत असं काही झालं?

दादर-माटुंगा आठवतं सगळ्यांना, पण त्याची वंशावळ वेगळी. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. दाटीवाटीतून लोकांना बाहेर काढणं हा हेतू. ट्रस्टमधले अभियंता मंचेरजी जोशी यांच्या धडपडीने पारशी कॉलनी झाली, फाइव्ह गार्डन्स झाल्या. तिथे हवा, उजेड आणि बागा आहेत, पण आधीच्या जमिनीच्या रूपातून आराखडा उगवलेला नाही. त्या दृष्टीने बोलणारा माणूस म्हणजे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस, जो 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. तो पूर्ण वेगळा विषय आहे.

टाकी आणि राइटची घरं आतून बघता येतात का?

स्टेशनशेजारची पाण्याची टाकी जेनीने 1871 मध्ये बांधली, 1913 च्या आगीनंतर ती पुन्हा उभी राहिली. बाहेरून मनसोक्त बघा. प्रसिद्ध अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचं कूनली हाउस आणि टोमेक हाउस इथेच आहेत, पण ती लोकांची राहती घरं आहेत. कुंपण नाही याचा अर्थ हिरवळीवर जाऊन खिडकीत डोकवा असा नाही. हे मला एकदा एका काकांना हात धरून सांगावं लागलंय. लुई सलिव्हनने बांधलेलं बॅब्सन हाउस शोधू नका, ते 1960 मध्ये पाडलं.

कसं जायचं, कधी जायचं?

नेपरव्हिल किंवा अरोराहून मेट्रा या लोकल रेल्वेची बीएनएसएफ लाइन थेट रिव्हरसाइडला जाते, तीच 1864 ची लाइन. प्रत्येक गाडी थांबत नाही, वेळापत्रक पाहून निघा. कारने नका येऊ. स्टेशनातून उतरून टाकीपाशी उभं राहिलं की गाव कसं उलगडायचं ठरवलं होतं ते कळतं. डबा घरून आणा, नदीकाठचे बाक दुपारी बारापर्यंत सावलीत असतात.

सगळे ऑक्टोबरात रंग बघायला या म्हणतात. मी नोव्हेंबरच्या अखेरीस एकटी जाते. पानं गळलेली असतात, एरवी लपलेली वळणं एका नजरेत दिसतात, आणि साडेचारला अंधारायला लागलं की रस्त्यावरचे गॅसचे दिवे पिवळे दिसू लागतात. तेव्हा मात्र कानटोपी विसरू नका.